एकेचाळिसावा संदर्भ

निवृत्त होताना शिक्केकाकांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला आणि त्याबरोबर एक वाक्य दिलं. किल्ल्या तिने जिवापाड सांभाळल्या. वाक्य मात्र जिना उतरेपर्यंत विसरूनही गेली.

“जे स्वतः हातात धरून वाचलं नाहीस, त्याच्यापुढे ‘मूळ पाहिले’ असं लिहू नकोस,” काका म्हणाले होते. “समोरचा कितीही घाई करो.”

ती हो हो म्हणाली. तिला सातवा महिना लागला होता, पाय सुजून चपलेत मावत नव्हते, आणि काकांचा उपदेश एकदा सुरू झाला की तो घड्याळाला जुमानत नसे. शिवाय त्यांचं ते ‘मूळ पाहिले’ हा विद्यापीठाच्या ग्रंथालयातला जुना विनोद होता. काकांच्या टेबलावर त्याच दोन शब्दांचा लाकडी शिक्का असायचा. कुणी आपल्या शोधनिबंधाची संदर्भसूची तपासायला आणली, की काका तळघरात उतरायचे, एकेक जुना खंड वर आणायचे, पान उघडायचे, ओळ वाचायचे आणि मगच त्या संदर्भापुढे शिक्का उठवायचे. एका यादीला तीन-तीन आठवडे. यादी काकांकडे देताना मुलगा रांगत असेल तर परत मिळेपर्यंत तो सायकल चालवायला लागतो, असं प्राध्यापक मंडळी म्हणायची.

तिचं सगळंच वेगळं होतं. तिने या विषयाची पदवी घेतली होती, वर दोन प्रशिक्षणं केली होती. तिच्या काळात ग्रंथालयात पुस्तक मागायला येणारा माणूस म्हणजे बहुतेक वाट चुकलेलाच असायचा. लोक यायचे ते दुसऱ्याच कामांसाठी. हे जर्नल खरं की पैसे उकळायला काढलेलं? माझा निबंध सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून कुठे ठेवू? या आजारावर जगभरात काय काय छापून आलंय ते शोधून देता? ती हे सगळं करायची. विद्यापीठाचं संशोधन जिथे जगाला खुलं ठेवलेलं असतं, ती वेबसाइट तिच्याच ताब्यात होती. कोणता निबंध वर चढवायचा, कोणत्या निबंधावर सूचना लावायची, हे तिच्या हातात होतं. काकांच्या वेळी ग्रंथपालाचे आभार निबंधाच्या शेवटच्या ओळीत मानायचे, तेही लक्षात राहिलं तर. तिचं नाव आता पहिल्या पानावर, लेखकांच्या रांगेत येऊ लागलं होतं.

पहिल्यांदा आलं ते मॅडमच्या निबंधावर. मॅडम म्हणजे बालरोग विभागाच्या प्रमुख. बाळांच्या सर्दीवर जे थेंब देतात, त्यांच्याबद्दल आजवर झालेला सगळा अभ्यास गोळा करायचा आणि वजनाप्रमाणे किती थेंब सुरक्षित, याचा एकच तक्ता बनवायचा, अशी ती योजना होती. शोधाशोध सगळी तिची. चार लेखक, त्यात चौथी ती. निबंध छापून आला तेव्हा नवऱ्याने पहिलं पान फ्रिजवर चिकटवलं. सासूबाईंनी ते शेजारच्या काकूंना दाखवलं. काकूंनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, “यात फोटो नाही का टाकला सुनेचा?”

निबंध पाठवण्याआधी एक फॉर्म भरायचा असे. एकूण त्रेसष्ट संदर्भ. प्रत्येकापुढे एक चौकट: मूळ पाहिले. लिंक उघडली की संगणक चौकट आपोआप हिरवी करायचा. बासष्ट हिरव्या झाल्या. एकेचाळिसावा होईना. तो चाळीस वर्षांपूर्वीच्या एका जर्नलमधला होता. त्या जर्नलचे जुने अंक कुठेच इंटरनेटवर नव्हते. बांधीव खंड तळघरात होता, तळघर दोन जिने खाली, आणि लिफ्टवर ‘बंद आहे’ची पाटी. त्या संदर्भातले आकडे दुसऱ्या एका नावाजलेल्या निबंधात उतरवलेले होते, ते मॅडमनी केव्हाच तक्त्यात घेतले होते. मॅडमचा दर अर्ध्या तासाने फोन येत होता. तिने पोटावर हात ठेवला, जिन्याकडे पाहिलं आणि एकेचाळिसावी चौकट हाताने हिरवी केली.

एवढंच. त्याला अर्धा सेकंदही लागला नसेल.

*

बाळंतपणानंतर ती बदलली, असं घरात सगळ्यांचं मत होतं. मुलीचं पाळण्यातलं नाव काहीही असो, घरात तिला ढब्बू म्हणत, कारण ती तशीच होती. आणि ढब्बूच्या आईला आता कशाचाच भरवसा वाटत नसे. दूध पाजायच्या आधी तीनदा हुंगायची. खेळण्याचा डोळा निखळेल का म्हणून स्वतः ओढून बघायची. नवरा म्हणायचा, “ही पंख्याकडेसुद्धा असं बघते की पंख्याला वाटावं, आपण काय केलं?” सासूबाई थोडं कमी हसून म्हणायच्या, “आम्ही तीन वाढवली. एकालाही हुंगलं नाही.”

ढब्बू अकरा महिन्यांची असताना नाक गळायला लागलं, म्हणून ती तिला घेऊन दवाखान्यात गेली. बसायला जागा शोधली, ढब्बूच्या तोंडातून रुमाल काढला. शेजारी एक तिच्याहूनही लहान वयाची मुलगी मांडीवर बाळ घेऊन बसली होती. सहा महिन्यांचं असेल. डोक्याला पिवळी टोपी, कानांवर दोन पाकळ्या, हनुवटीखाली बंद. बाळ गाढ झोपलं होतं. आजूबाजूला चार पोरं भोकाड पसरत होती, तरी याची पापणी हलत नव्हती.

“किती शहाणं आहे,” ती म्हणाली. मनात थोडी असूयाच होती.

“कसलं शहाणं,” ती मुलगी हसली. “आधी झोपूच द्यायचं नाही. इथले थेंब सुरू केले आणि देवच पावला. आता दूध पाजायला उठवावं लागतं. कधी कधी उठतच नाही, मग मीही झोपते.” मग ती आपणहून बोलत राहिली. नवऱ्याची बदली झालीये, परवा गाव सोडायचं, तिकडे ओळखीचा डॉक्टर नाही, म्हणून थेंबांच्या दोन बाटल्या जादा घेऊन ठेवल्यात. पत्रकही आहे जवळ, त्यात सगळं लिहिलेलं आहे, कुणाला विचारायलाच नको.

ते पत्रक तिलाही मिळालं. बाटलीबरोबर स्वागतकक्षातल्या बाई सगळ्यांनाच देत होत्या. बाळाचं वजन, त्यापुढे थेंब, दिवसातून तीन वेळा. ती सवयीने आधी तळाची ओळ वाचायला गेली. धंद्याचीच खोड ती. लग्नपत्रिकासुद्धा ती मुद्रकाच्या नावापासून वाचते. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, तक्ता कुठून घेतला ते. निबंधाचं नाव. विद्यापीठाच्या वेबसाइटचा पत्ता. तिच्याच वेबसाइटचा.

खोटं कशाला, आधी तिचा ऊर भरूनच आला. चौथी लेखिका बाकावर बसली आहे आणि तिच्या कामाचं पत्रक पोरांच्या हातात फडफडतं आहे. पिवळ्या टोपीला तिने जाताना हात हलवला. टोपीने काही हलवलं नाही.

*

दुपारी ढब्बूला तिने पत्रकाप्रमाणे थेंब दिले. ढब्बू झोपली. एक तास झाला, दोन झाले. ढब्बू दुपारची झोप म्हणजे शत्रू समजणारी मुलगी. तिसऱ्या तासाला आईने गालाला हात लावला, तळव्याला गुदगुल्या केल्या. ढब्बूने एक लांब श्वास घेतला आणि पुन्हा आत कुठेतरी निघून गेली.

नवऱ्याची त्या दिवशी सुटी होती. तो कुजबुजत म्हणाला, “उठवू नकोस गं. आयती शांतता मिळालीये.” सासूबाई म्हणाल्या, आजारी लेकरू झोपेतच बरं होतं. ती पाळण्याशी स्टूल घेऊन बसली आणि नाकाखाली बोट धरून राहिली. बोटाला ऊब लागायची, मग जायची, मग लागायची. तिला ती पिवळी टोपी आठवत होती. कधी कधी उठतच नाही, मग मीही झोपते.

साडेचार तासांनी ढब्बू उठली, तोंड वाकडं करून रडली, आणि ते रडणं ऐकल्यावरच ती स्टुलावरून उठली. संध्याकाळचे थेंब तिने दिले नाहीत. बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. सासूबाईंनी पाहिलं.

“डॉक्टरांपेक्षा जास्त कळायला लागलं का आता?”

“नाही कळत,” ती म्हणाली. “म्हणूनच नाही देत.”

आता संशय घ्यायचा तर कुणाचा? आधी तिने दवाखान्यातल्या डॉक्टरांचा घेतला. पत्रक उतरवताना चुकले असतील. निबंध काढून पाहिला, आकडे तेच होते. मग छापणाऱ्याचा घेतला, तेही नाही. मग मॅडमचा. हळूहळू वर्तुळ लहान होत होतं आणि आपण मध्ये उभ्या आहोत हे तिला दिसत होतं, पण ती त्या बाजूला पाहत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला पोचताच तिने जुना फॉर्म उघडला. तक्त्यातले वर्षाच्या आतल्या बाळांच्या वजनांचे आकडे कोणत्या संदर्भावरून घेतले ते पाहिलं. एकेचाळीस. चौकट हिरवी. शेजारी संगणकाने आपणहून नोंद केलेली: हाताने भरली. आणि तिचं नाव.

मॅडमच्या खोलीत जाऊन तिने सगळं सांगितलं, झोपेचं, टोपीचं, चौकटीचं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. आजवर “अगं, ऐक ना” करून बोलणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “तीन परीक्षकांनी हा तक्ता वाचलाय. आकडे मी मनाने घातलेले नाहीत. संदर्भात होते ते घेतले. आणि मूळ संदर्भ तुम्ही पाहिलेत, तशी तुमची खूण आहे. की नव्हते पाहिले?”

त्या एका ‘तुम्ही’ने खोली गार झाली. मॅडम पुढे म्हणाल्या, एका बाळाच्या झोपेवरून निबंध हलवता येत नाही. गुरुवारी समितीची बैठक आहे, तिथे ठेवू. तोवर बाहेर बोलायचं नाही.

गुरुवार धरून चार दिवस होते. दिवसातून तीन वेळा म्हटलं तर बारा वेळा. तिने मनातल्या मनात ते पिवळ्या टोपीच्या तोंडाशी मोजले.

*

तळघरात आता तळघरच राहिलं नव्हतं. ती बाळंतपणाच्या रजेवर असताना तिथले सगळे बांधीव खंड रद्दीत काढून ‘डिजिटल दालन’ केलं होतं. पांढरे दिवे, गोल खुर्च्या, भिंतीएवढा पडदा. काढलेल्या खंडांची यादी मात्र होती. ती करायला शिक्केकाकांनाच तीन दिवस परत बोलावलं होतं, कारण तळघराची नस दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. तिने यादीत तिचं जर्नल शोधलं. बाकीच्या खंडांपुढे ‘रद्दीत’ लिहिलेलं. तिला हवा होता त्या खंडापुढे काकांच्या टपोऱ्या अक्षरात ‘आढळ नाही’. तिने पानं उलटली. असे सदतीस ‘आढळ नाही’ होते.

काकांच्या हाताखालून सदतीस खंड नाहीसे व्हावेत? ज्यांना एक पान दुमडलेलं खपत नसे? तिने दारावरच्या पहारेकऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, “काका ना? तिन्ही दिवस पिशवी घेऊन यायचे. येताना चपटी, जाताना फुगलेली. मी म्हटलं, काका, काय नेताय? तर म्हणे, भाजी. ग्रंथालयात भाजी कुठली हो ताई?”

तिने काकांना फोन लावला. जर्नलचं नाव सांगितलं.

“कोणता खंड?” काकांनी विचारलं. तिने सांगितला. “फोनवर नको. घरी ये. एकटी ये.”

वाटेत तिने स्वतःला बजावलं की म्हातारा चोर आहे, गोड बोलेल, त्याच्या बोलण्यावर जायचं नाही. विकले असतील खंड कुठल्या संग्राहकाला. आणि आपल्यालाच उपदेश करून गेला, हातात धरून वाच म्हणे. हातात धरायचं ते सगळं पिशवीत घालून नेलं आणि वर शहाणपण.

काकांनी दार साखळी न काढता उघडलं आणि फटीतून तिच्या मागे कुणी आहे का ते पाहिलं. म्हणजे संशय दोन्हीकडून होता. आत घेतल्यावर त्यांनी आधी तिला मोरीवर हात धुवायला लावले, पुसायला कोरडा पंचा दिला. मग पलंगावरची चादर वर केली. पलंगाखाली सदतीस खंड ओळीने उभे होते, प्रत्येकाला वर्तमानपत्राचं वेष्टन, प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक.

“यांची दुसरी प्रत जगात कुठे संगणकावर नाही,” ते म्हणाले. “मी तपासलं. सांगितलंही होतं वर. ते म्हणाले, जे ऑनलाइन नाही ते कुणी वाचत नाही. मग मी काय करू? भाजी म्हणून आणले.”

तिने वाकून पाठीवरचे क्रमांक वाचायला घेतले. काकांनी खंड काढून टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून दिली. पान दोनशे तेरा. तक्ता होता तसाच होता, आकडा न् आकडा. म्हणजे बरोबरच होतं की सगळं. ढब्बूला नुसती झोप लागली होती. उगाच आपण.

मग तिला दिसलं की हे उजवं पान आहे आणि तक्ता डावीकडच्या पानावर सुरू झाला आहे. छापणाऱ्याने तो दोन पानांवर पसरून छापला होता. दोनशे बारावर मथळा आणि वजनाचा रकाना, दोनशे तेरावर परत वजनाचा रकाना आणि आकडे. मथळ्याखाली एक ओळ होती: हे थेंब पूर्ण दिवसाचे आहेत, तीन वेळांत विभागून द्यावेत.

तिने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मॅडमच्या तक्त्यात तेच आकडे एका वेळचे म्हणून होते. दिवसाचं औषध एका वेळी, आणि तसं तीनदा.

“कुणीतरी फक्त उजव्या पानाची झेरॉक्स काढली,” ती म्हणाली. “त्या नावाजलेल्या निबंधवाल्याने. त्याच्यापाशी डावं पान नव्हतंच. त्याच्यावरून सगळ्यांनी उतरवलं. मीही.”

काका उठले. कोपऱ्यातल्या ट्रंकेतून त्यांनी एक जुनी वही काढली, बाहेरगावच्या ग्रंथालयांना टपालाने पाठवलेल्या झेरॉक्सची नोंद असलेली. पानं उलटताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं, आणि थांबलंच. तिने वाकून वाचलं. त्या निबंधवाल्याचं नाव, जर्नलचं नाव, मग ‘पान २१३ फक्त’. शेवटी निळ्या शाईत पुसट शिक्का. मूळ पाहिले.

काका पलंगाच्या कडेवर बसले.

“त्याने दोनशे तेरा मागितलं,” ते म्हणाले. “मी दोनशे तेरा दिलं. हातात तर धरलं होतं गं.”

बाहेर कुणीतरी कपडे झटकत होतं. तिच्या मनात आलं, आता यांना काय म्हणावं? तिने चौकट रंगवली होती, यांनी शिक्का मारला होता, मधल्या माणसाने विश्वास ठेवला होता. प्रत्येकाने आपलं काम केलं होतं, आणि त्या कामाच्या शेवटाला एक सहा महिन्यांचं बाळ झोपलं होतं.

पण त्यावर बसून राहायला वेळ नव्हता. तिने दोन्ही पानांचे फोटो काढले आणि तिथेच, काकांच्या टेबलावर, फोनवरून वेबसाइट उघडली. निबंधावर लाल पट्टी लावली: तक्ता चुकीचा आहे, वापरू नये. गुरुवार गेला खड्ड्यात. मॅडमना संदेश पाठवला, सोबत फोटो जोडले. खंड पिशवीत घालायला घेतला तर काकांनी हात धरला.

“सही कर.”

“काका, हा तुम्ही चोरून आणलेला आहे.”

“असू दे. चोरून आणला म्हणून कसाही न्यायचा का? तारीख घाल. परत कधी देणार तेही लिही.”

तिने सही केली.

*

दवाखान्यातले डॉक्टर दोन्ही पानं बघून खुर्चीतून उठले. त्यांनी वाद घातला नाही, एवढं त्यांचं मानायला हवं. उरलेली पत्रकं स्वतः फाडली आणि स्वागतकक्षातल्या बाईंना तीन महिन्यांची कार्डं काढायला सांगितली. दोन दुपारी ते, त्या बाई आणि ती तिघं फोन लावत बसले. बहुतेक बाळं ठणठणीत होती. कुणाच्या आजीने ‘एवढं कशाला’ म्हणून निम्मेच थेंब दिले होते, कुणी बाटली घेऊन विसरून गेलं होतं. दोघं सुस्तावलेली होती. त्यांना लगेच बोलावून घेतलं, एक रात्र देखरेखीखाली ठेवलं, दोघंही बरी झाली. जिने पोराला तीन दिवस तीनदा दिले होते ती आई फोनवर रडली आणि मग म्हणाली, मला वाटतच होतं, पण छापलेलं होतं ना.

एका कार्डावरचा नंबर लागला नाही. लागला तो एका गॅरेजवाल्याला, त्याला बाळही नव्हतं आणि बायकोही. कार्डावरचा पत्ता गाठून ती गेली. खोली रिकामी, खिळ्यांना नुसत्या दोऱ्या. घरमालकाला बदलीचं गाव आठवेना. नवऱ्याच्या कंपनीचं नाव त्याने तीन प्रकारे सांगितलं. तिने तिन्ही ठिकाणी फोन केले. मग पोलिसांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे नक्की हरवलंय काय?”

मॅडम दोन दिवसांनी ग्रंथालयात आल्या. पहिल्यांदाच आल्या असाव्यात, कारण दार कुठलं ते त्यांना शोधावं लागलं. फोटो पाहून त्यांनी रात्रभर बाकीचे संदर्भ स्वतः चाळले होते, डोळे सांगत होते. जर्नलला दुरुस्ती पाठवायची होती. मजकूर तिने लिहून ठेवला होता. मॅडमनी उभ्यानेच वाचला. चूक काय, खरा आकडा कोणता, मूळ तक्ता कुठल्या दोन पानांवर आहे. ‘एकेचाळिसावा संदर्भ मूळ न पाहता पाहिल्याची खूण चौथ्या लेखिकेने केली,’ हे वाक्य वाचून त्या थांबल्या.

“हे लिहायलाच हवं असं नाही, अगं,” त्या म्हणाल्या.

“हवं.”

मग मॅडम शेवटच्या परिच्छेदाशी आल्या आणि म्हणाल्या, शास्त्रीय दुरुस्तीत असलं काही लिहीत नाहीत, जर्नलवाले कापतील. ती म्हणाली, कापू देत. वेबसाइट माझ्या ताब्यात आहे, तिथलं कोण कापतंय?

जर्नलने तो परिच्छेद कापलाच. वेबसाइटवर तो अजून आहे. निबंध उघडला की आधी लाल पट्टी दिसते, तिच्याखाली दुरुस्ती, आणि दुरुस्तीच्या खाली हे:

‘हे वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती. सहा महिन्यांचं बाळ, पिवळी टोपी, कानांवर पाकळ्या, हनुवटीखाली बंद. आई वयाने लहान, बोलकी. घर नवीन, शेजारी ओळखीचे नाहीत. तिच्यापाशी थेंबांच्या बाटल्या आहेत आणि एक पत्रक आहे, आणि पत्रकावर तिचा विश्वास आहे. तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत असं कुणी नव्याने राहायला आलं असेल तर दार वाजवा. पत्रक मागून घ्या. बाळ झोपलंय म्हणाली तर ऐकून परत फिरू नका. आत जा, नाकाखाली बोट धरा, आणि ते जागं होतंय का, तेवढं बघून या.’